अठरा मिलिमीटर

रानडुकरानं चिमाजीची मांडी फाडली, त्याला पाच आठवडे झाले होते. भर दुपारची गोष्ट. तो बांधावर गवत कापत होता. उसातून डुक्कर निघालं, सरळ अंगावर आलं आणि मान खाली घालून वर एकच झटका दिला. गुडघ्यापासून जांघेपर्यंत एकतीस टाके पडले. चिमाजी वाचला, पण उजवा पाय काही पुन्हा सरळ झाला नाही. त्यानंतर चोविसाव्या दिवशी त्याच उसातल्या पायवाटेनं शेजारच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला निघालेला सुरज नावाचा कंत्राटी कामगार डुकराच्या तावडीत सापडला. लातूरकडचा पोरगा, वय चोवीस. लोक पोचले तेव्हा त्याचं पोट उघडं पडलं होतं आणि जेवणाचा डबा अजून हातात होता.

त्यानंतर कागद हलले. वनखात्यानं परवाना दिला. तीन दिवस, दोन रानडुकरं, वनरक्षक हजर असताना. परवान्यावर नेमबाज म्हणून नाव होतं चिमाजीच्या धाकट्या भावाचं, रविराजचं.

रविराज आकुर्डीला राहायचा आणि चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होता. गिअरचे भाग मोजायचे, बसतील ते पुढं सोडायचे, न बसतील ते लाल पेटीत टाकायचे, हे त्याचं सोळा वर्षांचं काम. रायफल हा त्याचा शौक. तीनशे मीटरच्या स्पर्धांत त्यानं राज्यपातळीवर दोन पदकं मिळवली होती. थर्टी-ओ-सिक्सची रायफल, वर महागडी दुर्बीण. आजवर त्यानं कागदाशिवाय कशावरही गोळी झाडली नव्हती.

परवाना हातात पडल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते काडतूस निवडण्याचं. त्याच्याकडे दोन जातींची काडतुसं होती. पितळी नळी तीच, बोअर म्हणजे गोळीची जाडी तीच, फरक पुढच्या गोळीत. एक मॅचची, म्हणजे स्पर्धेची. लांब, निमुळती, टोकाला सुईनं टोचावं एवढंच भोक. ती कागदासाठीच बनवलेली. दुसरी मऊ टोकाची. तिच्या नाकावर शिसं उघडं असतं, आणि मांसात शिरली की ती फुलते. ती जनावरासाठी. रविवारी सकाळी रेंजवर त्यानं शंभर मीटरवरून दोन्हींच्या पाच-पाच गोळ्या झाडल्या, कागद उतरवले आणि बाकावर बसून व्हर्नियरनं मोजले. मॅचच्या पाची गोळ्या अठरा मिलिमीटरमध्ये बसल्या होत्या. मऊ टोकाच्या एकसष्टमध्ये.

संध्याकाळी तो कागद घेऊन गावात गेनबाकडे गेला. गेनबा एकाहत्तर वर्षांचा. तरुणपणी रविराजच्या वडिलांबरोबर पिकं राखायला बंदूक घेऊन फिरलेला. गावात डुकराचा माग काढणारा आता तो एकटाच उरला होता. मागच्या निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली बंदूक त्यानं परत आणलीच नव्हती. ठाण्यात हेलपाटे घालण्यापेक्षा डुक्कर परवडलं, असं तो म्हणायचा.

"तात्या, हे बघा," रविराजनं कागद ओसरीवर पसरले.

"काय बघू? भोकं हायती."

"ही पाच अठरा मिलिमीटरमध्ये आहेत. आणि ही मऊ टोकाची, एकसष्टमध्ये."

"मग?"

"मग दोनशे मीटरवर दुप्पट धरा. ही छत्तीस, ती सव्वाशे. डुकराची मारायची जागा किती? दोनशे मिलिमीटर. म्हणजे निम्म्याच्या वर टॉलरन्स नुसती गोळीच खाऊन टाकते. मग माझा हात हलला, वारा आला, डुक्कर हललं, त्याला उरलं काय? असलं मशीन आमच्याकडं कुणी पास करणार नाही."

गेनबाची बायको शकू सुपात घेवडा निवडत होती. ती हसली. "ह्यानं लग्नात बायकोबी मोजून घेतली आसंल, फूटपट्टी लावून."

"काकी, तुम्ही गप बसा राव."

गेनबा हसला नाही. त्यानं कागदावर बोट ठेवलं. "ह्या कागदाला खांदा हाय का रं?"

"म्हणजे?"

"नराच्या खांद्यावर ढाल असती. कातडं, चरबी, वरनं चिखल आन् झाडाचा डीक घासून घासून बोटभर थर. मी कोयता मारलाय, कोयता उसळून माघारी आलाय. तुझी ही सुई तिथं एकतर फुटंल, न्हाईतर आरपार जाईल आन् डुकराला कळायचंबी न्हाई. शिशाची घे."

"तात्या, दोनशे मीटरवरसुद्धा तिची ताकद अडीच हजार ज्यूलच्या वर असते."

"ते ज्यूल तुझ्या कंपनीत ठेव. आन् दोनशे मीटर कशापायी? ओढ्यात बसू. त्याची वाट तिथनंच हाय. चाळीस पावलांवर येतंय बघ. पाठीमागं टेकडी, गोळी कुठं जायची भीती न्हाई. चाळीस पावलांवर तुझी ती एकसष्ट किती व्हत्यात?"

रविराजनं मनात हिशेब केला. चाळीस पावलं म्हणजे तीस मीटर. एकसष्टला तीन दशांशानं गुणलं. अठरा.

तो आकडा त्यानं बोलून दाखवला नाही. चाळीस पावलांवर जनावराचा श्वास ऐकू येतो. चिमाजीची मांडी त्यानं टाके पडायच्या आधी पाहिली होती, आतलं पांढरं हाडसुद्धा. दोनशे मीटरवर मधे ओढा असतो, बांध असतो, आणि डुक्कर दुर्बिणीतलं चित्र असतं.

"दुर्बीण लांबची आहे," तो म्हणाला. "जवळ चालत नाही. लांबूनच मारू."

"मग दुर्बीण काढ."

"काढली की सेटिंग जातं."

"तुझी रायफल, तुझा परवाना," गेनबा म्हणाला, आणि त्यानं चंची उघडली.

मंगळवारी सकाळी दहाला हाका सुरू झाला. वीस-बावीस माणसं रिकामे पत्र्याचे डबे बडवत उसाच्या उत्तरेकडून आत शिरली. ऊस साडेतीन एकर. त्याच्या उत्तरेला कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या, पूर्वेला कंपनीची भिंत, पश्चिमेला रस्ता. गोळी सुरक्षित जाईल अशी दिशा एकच, दक्षिणेची. तिकडे ओढा आणि त्याच्यामागे टेकडी. रविराज नैर्ऋत्येच्या उंच बांधावर पोत्यावर रायफल टेकवून पालथा पडला होता. मॅगझिनमध्ये मॅचच्या पाच गोळ्या. मऊ टोकाची पेटी आकुर्डीच्या फ्लॅटमध्ये, कपाटात. शेजारी वनरक्षक धम्मरत्न वहीत वेळ लिहीत होता. मागे कुबडी घेऊन चिमाजी उभा.

"रवी, घाई करू नगं."

"नाही दादा."

अकरा वाजून वीस मिनिटांनी डुक्कर निघालं. आधी उसाची पानं हलली, मग काळं मस्तक, मग सगळं धूड. ओढ्याच्या काठावर येऊन ते थांबलं आणि डब्यांच्या आवाजाकडे कान करून आडवं उभं राहिलं. दोनशे आठ मीटर. रविराजनं दुर्बिणीतली फुली खांद्याच्या मध्यावर आणली, श्वास अर्धा सोडला आणि चाप दाबला.

गोळी जिथं लागायची तिथंच लागली. हे त्याला त्या क्षणीच कळलं. डुक्कर पुढच्या गुडघ्यांवर कोसळलं.

"पडलं!" तो ओरडला. नेमबाजीच्या बारा वर्षांत गोळी कुठं लागली याचा त्याचा अंदाज कधी खोटा ठरला नव्हता.

डुक्कर उठलं. एक पाय लोंबत होता, पण ते उठलं आणि तीन पायांवर माघारी उसाकडे वळलं. रविराजनं बोल्ट ओढला आणि पळत्या जनावरावर दुसरी झाडली. कमरेशी धुरळा उडाल्यासारखं दिसलं. डुकराची चालसुद्धा बदलली नाही. ते उसात गेलं. मग आतून हाकाऱ्यांचा आरडाओरडा आला आणि माणसं डबे टाकून पळत बाहेर आली. नशिबानं सगळी आली. धम्मरत्ननं दोनदा मोजली.

गेनबा ओढ्यात उतरून रक्त बघून आला. बोटाला लावून त्यानं ते वास घेऊन पुसलं.

"मांसाचं हाय. फुप्फुसाचं न्हाई. फुप्फुसाच्या रक्ताला फेस असतो." त्यानं रविराजकडं पाहिलं नाही. "तासभर थांबायचं. बसू दे त्याला. गार पडू दे."

"आणि मग?" धम्मरत्ननं विचारलं.

मग काय ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. जखमी जनावर उसात राहिलं तर ज्याची पहिली गोळी, त्यानं आत जायचं. ही रीत रविराजच्या आज्यानं पाळली होती, बापानं पाळली होती. कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

धम्मरत्ननं कंपनीच्या गेटवर फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा सिक्युरिटीवाला म्हणाला, "साहेब, आम्ही सांगू, पण लोक ऐकत नाहीत. दहा मिनिटं लेट झाला की अर्धा दिवस कापतात." अडीच वाजता पाळी बदलणार होती. दीड-दोनशे माणसं त्या उसातून जाणार-येणार होती. आणि खोल्यांची दारं तर उसापासून पंधरा पावलांवर, सगळी उघडी, आत बायका-पोरं. हाकाऱ्यांपैकी सहाजणांना चिमाजीनं तिकडं पिटाळलं, दारं लावा म्हणून सांगायला.

"मी जातो," रविराज म्हणाला.

"दुर्बीण काढ त्याच्या आधी," गेनबा म्हणाला.

दुर्बिणीचे स्क्रू चावीनं सुटणारे होते. चावी कपाटात, त्या दुसऱ्या पेटीच्या शेजारी. रविराजनं सुरीच्या टोकानं प्रयत्न केला. स्क्रू हलला नाही. त्यानंच ते टॉर्क रेंचनं आवळले होते, मोजून.

साडेबाराला ते आत शिरले. पुढं गेनबा, हातात फरशी कुऱ्हाड. मागं रविराज. त्याच्यामागं काठी घेऊन धम्मरत्न.

"तात्या, तुम्ही कशाला? ही माझी पाळी आहे."

"माग कोण काढणार, तू? तुला कागदावरचं भोक दिसतं, पाचटावरचं रक्त न्हाई दिसत. चल गप."

उसात वारा नव्हता. पाचट पायाखाली कागदासारखं वाजत होतं. रक्ताचे थेंब पानांच्या कडांवर होते, गुडघ्याएवढ्या उंचीवर, मग कमी होत गेले. रविराजनं एकदा रायफल खांद्याला लावून पाहिली. दुर्बिणीत नुसता हिरवा चिखल. सहापट मोठं केलेलं एक पान. त्यानं ती खाली घेतली आणि कमरेशी धरली.

पन्नास-साठ पावलांवर गेनबा थांबला. त्यानं हात मागं करून पंजा दाखवला. रविराजला काहीच दिसलं नाही. मग वास आला, ओल्या गोठ्यासारखा, आणि त्याच्याबरोबर आवाज. दात दातावर घासण्याचा, कानस मारल्यासारखा.

डुक्कर समोरून नाही, डावीकडून आलं. आपल्याच मागावर वळसा घालून ते बसलं होतं. ऊस कडाकड मोडत आला आणि त्यातून ते निघालं. रविराजनं कमरेवरून गोळी झाडली. सहा फुटांवर चुकायला जागाच नव्हती. गोळी डुकराच्या छातीच्या कडेनं शिरून मागून निघाली आणि डुक्कर थांबलंच नाही. गेनबानं कुऱ्हाड उचलली होती. ती मानेवर बसली, घसरली. मग डुकराचं डोकं गेनबाच्या मांड्यांत गेलं आणि वर आलं.

गेनबा मागं पडला, आणि डुक्कर त्याच्यावर. ते पुन्हा पुन्हा मान झटकत होतं. प्रत्येक झटक्याला काहीतरी फाटल्याचा आवाज येत होता, पोतं फाडल्यासारखा. धम्मरत्न काठी घालत होता. काठी मोडली.

रविराजनं बोल्ट ओढला. नळी डुकराच्या पाठीवर रोखली आणि त्याला कळलं, की चाप दाबता येत नाही. आत्ताच गोळी आरपार गेली होती. डुकराखाली गेनबा होता.

"मार की रं!" धम्मरत्न किंचाळला.

"खाली तात्या आहे!"

तो पाचटात आडवा पडला. डुकराच्या शेजारी, कुशीला कूस लावून. दुसरा मार्गच नव्हता. नळी खालून वर घालायची, म्हणजे गोळी आभाळात जाईल. त्यानं नळीचं तोंड जबड्याच्या मागं, कानाखाली खुपसलं. डुकरानं मान वळवली. सुळा त्याच्या डाव्या हाताच्या पंजापासून कोपरापर्यंत चिरत गेला. हातातून बळ गेलं, नळी खाली घसरली. त्यानं ती गुडघ्यानं वर रेटली. डुकराचा एक डोळा वीतभर अंतरावर होता. लहान, तपकिरी, पापण्यांना चिखल. त्यानं उजव्या हातानं चाप दाबला.

डुकराच्या डोक्याचा वरचा भाग उडाला. रक्त आणि हाडं पावसासारखी उसाच्या पानांवर पडली. धूड जागच्या जागी बसलं आणि मग गेनबाच्या पायांवर लवंडलं.

दोघांनी मिळून ते ओढून काढलं. गेनबाच्या दोन्ही मांड्या आणि ओटीपोट एक झालं होतं. उजव्या जांघेतून रक्त ठोके मारत येत होतं. रविराजनं कंबरेचा पट्टा काढून वर आवळायला घेतला. कंपनीत दरवर्षी प्रथमोपचाराचं ट्रेनिंग व्हायचं, प्लास्टिकच्या पुतळ्यावर. इथं पट्टा बसवायला वर जागाच राहिली नव्हती. त्यानं मूठ जखमेत घातली आणि दाबून धरली.

"लागली व्हती का?" गेनबानं विचारलं.

"काय, तात्या?"

"पयली."

"लागली होती. बरोबर खांद्यात."

"हां," गेनबा म्हणाला.

पिकअपच्या हौद्यात त्याला घातलं. रविराज शेजारी गुडघ्यांवर बसला, मूठ तशीच. चाकणच्या चौकाच्या अलीकडे एक कंटेनर आडवा अडकला होता, मागं दोन किलोमीटर गाड्या. पुढं बसलेला चिमाजी खाली उतरला आणि कुबडी गाड्यांच्या बॉनेटवर आपटत, शिव्या देत वाट मागू लागला. बस मागं सरकल्या, रिक्षा मागं सरकल्या, कंटेनर सरकू शकत नव्हता. एक वाजून बेचाळीस मिनिटांनी रविराजच्या मुठीखालचे ठोके थांबले. तरी त्यानं मूठ काढली नाही. दवाखान्यात डॉक्टरनं त्याची बोटं एकेक करून सोडवली.

त्याच्या हाताला बावीस टाके पडले. ते घालून होईपर्यंत धम्मरत्न पशुवैद्यकाकडून डुक्कर तपासून, पंचनामा लिहून आला. तो बाकावर बसला. त्याच्या शर्टावरचं रक्त वाळून कडक झालं होतं.

"पहिली गोळी ढालीत फुटली, रविराजभाऊ. तुकडे दोन बोटं आत सापडले. छातीपर्यंत गेलीच नाही. दुसरी आणि तिसरी आरपार. भोकं पेन्सिलीएवढी." त्यानं कागद मांडीवर ठेवला. "नेमात काही खोट नव्हती."

"लिहिलंत का, कुठली गोळी ते?"

"रकान्यात बोअर असतो. थर्टी-ओ-सिक्स लिहिलं. दोन्हींचा बोअर तोच. खरं तेच लिहिलंय." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "पिसाळलेलं डुक्कर होतं भाऊ. एक माणूस आधीच मारलेलं. कुणी तुम्हाला काही विचारणार नाही."

"मॅचची गोळी होती. तसं लिहा."

"त्याला रकाना नाही."

"खाली लिहा. जागा आहे."

धम्मरत्ननं पेन काढलं.

अंधार पडायच्या आत गेनबाला गावात आणलं. ओसरी माणसांनी भरली होती. अडीचच्या पाळीची माणसं उसातून नीट गेली होती. पायवाटेच्या कडेला ओढून ठेवलेल्या डुकराचे त्यांनी मोबाइलवर फोटो काढले होते आणि ते गावातही फिरत होते. शकू खांबाला टेकून बसली होती. ती रडत नव्हती. चिमाजीची बायको विमलबाई तिचा हात धरून बसली होती.

रविराज तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"शिशाची घातली नव्हतीस," शकू म्हणाली. तिनं विचारलं नाही.

"नाही काकी."

"का?"

अठरा आणि एकसष्ट त्याच्या ओठांवर आले होते. तो हिशेब त्यानं वाटेत कितीदा तरी करून पाहिला होता आणि तो दर वेळी बरोबर येत होता.

"भ्यालो होतो," तो म्हणाला. "तात्या ओढ्यात बसू म्हणत होते. जवळ जायला भ्यालो. लांबून मारायचं म्हणून ती गोळी घेतली. मोजमाप नुसतं निमित्त होतं."

शकू उठली. ओसरीच्या कडेला गेनबाची चामडी वहाण पडली होती, सकाळी बदलून बूट घातले होते तेव्हाची. तिनं ती उचलली आणि रविराजच्या तोंडावर मारली. सगळा जोर लावून. दुसऱ्या फटक्याला त्याचा ओठ फुटला. तिसऱ्याला चिमाजी कुबडी टेकत पुढं आला. रविराजनं त्याला बऱ्या हातानं मागं सारलं. चौथा कानावर बसला आणि तो एका गुडघ्यावर खाली गेला. पाचवा मारायला तिनं हात उचलला तेव्हा तिला दम लागला होता. हात वरच राहिला.

मग तिनं वहाण खाली टाकली आणि खांबाशी जाऊन बसली. रविराज तसाच खाली होता. डाव्या हाताच्या पट्टीतून रक्त ओसरीच्या फरशीवर टपटपत होतं.

"विमल," शकू म्हणाली, त्याच्याकडं न बघता, "ह्याला पाणी दे. आन् हात बघ त्याचा, टाके उसवल्यात."